वाकळ आणि कार्यानुभवाचा तास

गावचं घर आवरताना भाच्याने आईच्या चार वाकळा भंगाराच्या ढिगावर टाकल्या. "मावशी, नुसती धूळ आहे!" (तो हे वाचतो, म्हणून मुद्दाम लिहितेय.) मी त्या उचलून आणल्या आणि घरात दोन दिवस अबोला. ताईचा फोन, "जुन्या लुगड्यांसाठी एवढा त्रागा?"

मंडळी, माझं भांडण लुगड्यांसाठी नाहीच. त्या 'नुसती'साठी आहे.

फेथ रिंगगोल्ड नावाची एक बाई होती. जन्म १९३०, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. १९५० साली कॉलेजात चित्रकला शिकायला गेली तर म्हणाले, बायकांना नुसती चित्रकला मिळणार नाही, चित्रकलेची मास्तरीण होण्याचा अभ्यासक्रम घ्या. (बघा, तिथेही हेच!) मग १९५५ ते १९७३ तिने शाळांत चित्रकला शिकवली. म्हणजे आमच्याच पेशातली. तिची खापरपणजी गुलामगिरीत जन्मलेली, मालकाच्या घरासाठी गोधड्या शिवणारी. ती सुई लेकीबाळींच्या हातून फेथच्या आईपर्यंत आली. आई कपडे शिवायची, फॅशन डिझायनर होती. १९८०मध्ये मायलेकींनी मिळून एक गोधडी केली, १९८१मध्ये आई गेली. पुढे फेथबाई गोधडीवर चित्रं काढू लागल्या, गोष्टी लिहू लागल्या. गच्चीवर झोपलेल्या मुलीची 'टार बीच' (१९८८) गुगेनहाइम संग्रहालयाने घेतली. २०२४मध्ये त्या वारल्या.

आता कोणीतरी म्हणेलच, "अहो, ती कलाकार. आपल्या आईने पोरांना थंडी वाजू नये म्हणून शिवल्या." कबूल. मला कुठे आईची वाकळ भिंतीवर टांगायचीय? पण धावदोऱ्याची ओळ टोकापासून टोकापर्यंत सरळ नेणं, धोतराचं अस्तर कुठे आणि लुगड्याचा काठ कुठे हे ठरवणं, याला डोकं लागत नाही हे कोणी शिकवलं या पोरांना?

आम्हीच. कार्यानुभवाचा तास आला की गणिताचे सर मागून घ्यायचे. आणि खोटं कशाला बोलू, व्याकरण उरलं म्हणून मीही घ्यायचे, वर्षानुवर्षं. एक मुलगी स्वतः भरलेला रुमाल दाखवायला आली होती. "आधी समास पूर्ण कर" म्हणाले. तिने रुमाल दप्तरात घातला, तो पुन्हा काही काढला नाही. भाच्याला काय बोल लावू?

असो. एका वाकळेची शिवण उसवलीय. दाभण सापडलं, जाड दोरा नाही. रविवारी येताना घेऊन ये रे. आणि दुपारभर थांबायच्या बेताने ये, ओवायला मला आता दिसत नाही.