परसबाग : गाजराला पाय का फुटतात?

बालमित्रांनो, घरचं गाजर उपटलं आणि त्याला दोन पाय फुटलेले दिसले, तर बियाण्यावर रागावू नका! दोष बहुधा मातीचा असतो. गाजर म्हणजे झाडाचं मुख्य मूळ. वाटेत खडा आला, की त्याला फाटे फुटतात. रोप उपटून दुसरीकडे लावलं, तरी तेच!

‘पुसा नयनज्योती’ हे नारिंगी संकरित वाण. दोन वेगळ्या आई-बापांपासून केलेल्या अशा वाणाची गाजरं एकसारखी येतात. पण जमीन भुसभुशीत असेल तरच.

म्हणून दिवाळीनंतर थंडी पडू लागली, की 30 सें.मी. खोल कुंडी घ्या. माती चाळून तीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. बी 1 सें.मी. खोल, थेट कुंडीतच पेरा. उगवायला 10-15 दिवस लागतात. तोवर माती ओलसर ठेवा. मग विरळणी करून दोन रोपांत 5 सें.मी. अंतर राखा. कोवळी रोपं उपटणं जिवावर येतं खरं, पण दाटीत एकही गाजर पोसत नाही. सुमारे तीन महिन्यांत गाजरं तयार!

आजी घरचं बी राखून ठेवते ना? संकरित वाणाचं मात्र तसं चालत नाही. पुढच्या पिढीत आई-बापांचे गुण वेगवेगळे होतात. कुठलं गाजर कसं निघेल, सांगता येत नाही. बी राखायचंच असेल, तर ‘पुसा केसर’सारखं सरळ वाण लावा.

यंदा दोन कुंड्यांत दोन्ही लावून बघा. गाजरं पट्टीनं मोजा आणि वहीत लिहून ठेवा. एकसारखी कुठली निघाली?