“दुसरं आहे, होईल आपोआप!”

हे वाक्य पणदऱ्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं तरी माझंच बीपी वाढतं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. बाळंतपणं करणं हे माझं काम नाही. पण बाळंतपण बिघडलं की रक्त चार-पाच ग्रॅमवर आलेली, लघवी बंद झालेली किंवा बीपी हाताला न लागणारी बाई बघायला रात्री-अपरात्री आम्हाला बोलावतात. म्हणून हा लेख. जरा रागाने लिहितोय, समजून घ्या.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. ऊस तोडणीचा हंगाम होता. संध्याकाळच्या ओपीडीत एक मावशी बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, “सुनेच्या कळा चालू हायेत सकाळपासनं.” मी विचारलं, मग दवाखान्यात कोण आहे तिच्याबरोबर? “घरीच हाय की. दुसरंच हाय ना, पयल्या येळी चार तासात मोकळी झाली.” पाणी गेलंय का, असं विचारलं. “गेलं की सकाळीच.” रंग कसा होता? मावशींनी आठवून सांगितलं, “जरासं हिरवट.”

हिरवट पाणी म्हणजे बाळाने पोटातच शी केलेली असते. प्रत्येक वेळी त्यातून काही वाईट होतंच असं नाही. पण पाणी हिरवं, कळा सकाळपासून आणि बाई घरी, हे तिन्ही एकत्र आलं की थांबायचं नसतं. मी गोळ्या लिहायच्या सोडून फोन लावला. बारामतीला पोहोचल्यावर सिझर झालं. बाळाचं डोकं खाली होतं, पण तोंड आईच्या पोटाकडे होतं. त्यामुळे डोकं वळत नव्हतं आणि पुढे सरकत नव्हतं. ती पोरगी दिवसभर “पोटात कमी दुखतंय, कंबर मोडतेय” असं सांगत होती आणि घरचे तिला “पहिलीला एवढी रडली नव्हतीस” म्हणून गप्प करत होते. बाळ काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि घरी आलं. नशीब त्यांचं.

आता या समजुतीत जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. दुसऱ्या खेपेला वेळ साधारण कमी लागतो, कारण गर्भाशयाचं तोंड एकदा उघडलेलं असतं आणि खालचे स्नायू एकदा ताणलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे तोंड 5 सेंटीमीटर उघडल्यानंतर पुढचा टप्पा पहिलटकरणीत साधारण 12 तासांत पुरा होतो, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला 10 तासांत. तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर यायला पहिल्या वेळी 3 तासांपर्यंत, नंतरच्या वेळी 2 तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

पण हा हिशोब आईच्या वाटेचा झाला. वाट एकदा वापरलेली असली तरी वाटसरू नवा आहे! पहिलं बाळ अडीच किलोचं होतं आणि दुसरं पावणेचारचं असेल, तर तीच वाट अपुरी पडते. मधल्या काळात आईला साखरेचा त्रास सुरू झाला असेल तर बाळाचे खांदे रुंद होतात, डोकं बाहेर येतं आणि खांदे अडकतात. पोटाचे स्नायू सैल झाल्यामुळे बाळ आडवं राहण्याची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा वाढते. पहिलं बाळंतपण नीट झालं, एवढ्यावरून यातलं काहीही कळत नाही.

आणि यात एक गोष्ट आहे जी मला वाटतं प्रत्येक सासूला, प्रत्येक नवऱ्याला माहीत असायला हवी. बाळ अडलं तर पहिलटकरणीचं गर्भाशय बहुतेक वेळा दमतं. कळा मंदावतात, बाई थकते, आपल्याला वेळ मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं गर्भाशय तसं सहजासहजी दमत नाही. वाट बंद असली तरी ते जोर लावतच राहतं, खालचा भाग ताणून पातळ होत जातो आणि शेवटी पिशवी फाटू शकते. ज्या पिशवीवर आधीची टाक्याची जागा नाही तिथे हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा आई आणि बाळ दोघांचाही जीव मिनिटांवर येतो. म्हणजे ज्या बाईला आपण “ही तर सराईत आहे” म्हणून घरी बसवतो, तिचं बाळ अडलं तर धोका तिलाच मोठा असतो.

यातच ते “कळा वाढायचं इंजेक्शन” येतं. नातेवाईक मागतात, “दुसरं आहे, एक सुई द्या, पटकन होऊन जाईल.” आणि काही ठिकाणी दिलंही जातं, हे आमच्या व्यवसायाला लाज आणणारं आहे. ऑक्सिटोसिन हे उत्तम औषध आहे. बाळ बाहेर आल्यावर 10 युनिट दंडात किंवा मांडीत देतात, त्याने रक्तस्राव आटोक्यात राहतो. पण बाळ पोटात असताना हेच औषध सलाईनमधून थेंब मोजत, बाळाचे ठोके ऐकत, आणि गरज पडली तर लगेच सिझर करता येईल अशाच ठिकाणी द्यायचं असतं. बाळ बाहेर यायच्या आधी कोणी दंडात सुई टोचत असेल तर हात धरा त्याचा. डॉक्टर असला तरी धरा.

आता सिझर झालेल्यांकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली 25.4 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली होती. म्हणजे दुसऱ्या खेपेला येणाऱ्या पुष्कळ जणींच्या पिशवीवर आधीचा टाका आहे. अशा बाईचं “आपोआप” होऊ देणं आणि “एकदा सिझर म्हणजे कायम सिझर” ही दोन्ही टोकं मला मान्य नाहीत. आधी एकच सिझर, पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद, बाकी सगळं नीट, अशा स्त्रियांनी नॉर्मलचा प्रयत्न केला तर शंभरातल्या 72 ते 75 जणींचं नॉर्मल होतं. टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक. दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल तर तो वाढतो. हा धोका पत्करता येतो, पण शस्त्रक्रियेची टेबल आणि रक्त हाताशी असेल तिथेच. आधीचा छेद पिशवीवर उभा असेल तर प्रयत्नच करायचा नाही. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणजे पिशवीवरचाही आडवाच असेल, असं नसतं. ते फक्त कागदावर कळतं.

आणि कागद कुठे असतो? माहेरी! पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपली रीत. पोरगी पहिल्या वेळी इंदापूरकडच्या, नाहीतर फलटण-माळशिरसकडच्या दवाखान्यात मोकळी होते, फाईल आईच्या कपाटात साड्यांखाली जाते आणि दुसऱ्या वेळी ती इथे येते ती रिकाम्या हाताने. सिझर का झालं होतं? “पाणी कमी होतं बहुतेक.” रक्त किती गेलं होतं? “आईला माहीत.” कारखान्यावर येणाऱ्या ऊसतोड बायकांची अवस्था तर याहून वाईट. सहा महिने कोप्यांवर, कार्ड गावाकडे, नववा महिना लागला तरी मोळ्या डोक्यावर. त्यांना कोणी “दुसरं आहे, होईल” म्हणायलाही नसतं. मुकादम उचल मोजतो, दिवस कोणी मोजत नाही.

उलटी बाजूही आहे. दुसरं बाळंतपण कधी कधी फारच झटकन होतं, तीन तासांच्या आत. “कळा अजून लांब आहेत” म्हणून बसलेलं घर मग नीरा-बारामती रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकतं आणि बाळ गाडीत येतं. पहिल्याच्या वेळी वाट पाहिली तेवढी दुसऱ्याला पाहू नका. कळा नियमित झाल्या की निघा. आधी सिझर असेल तर पहिल्या कळेलाच निघा, आणि पाणी गेलं तर कळांची वाटच बघू नका. 108 ची गाडी महाराष्ट्रात 2014 पासून आहे. सरकारी दवाखान्यात 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. खर्चाच्या भीतीने घरी थांबला असाल तर तेही कारण राहत नाही.

“डॉक्टर पैशासाठी सिझर करतात” असं तुम्ही म्हणणार, मला ठाऊक आहे. काही जण करतात. मी नाकारणार नाही. पण त्यावर उपाय म्हणजे “सिझर का करायचं, बाळाचे ठोके किती आहेत, तोंड किती उघडलंय, किती तासांपासून तेवढंच आहे” हे चार प्रश्न विचारणं. जो डॉक्टर उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवा. ‘विश्वास नाही’ म्हणून घरी बसलात तर शिक्षा डॉक्टरला होत नाही, तुमच्या सुनेला होते.

बाळ झालं म्हणजे संपलं, असंही समजू नका. नमुना नोंदणी पाहणीनुसार 2018-20 मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या. देशाचा आकडा 97 होता, म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. पण रक्तस्राव हे आजही मातामृत्यूचं मोठं कारण आहे आणि दुसऱ्या खेपेची बाई बहुधा रक्त भरून न काढताच या खेपेला आलेली असते. पहिलं मूल अंगावर पीत असतं, शेतातलं काम चालू असतं, लोहाच्या गोळ्या “तोंडाला लोखंडाची चव येते” म्हणून खिडकीत पडून असतात. बारा ग्रॅमवाली बाई अर्धा लिटर रक्त गेलं तरी बऱ्याचदा सावरते, सात ग्रॅमवाली सावरेलच असं नाही.

ज्यांचं दुसरं बाळंतपण ठरल्यासारखं झालं नाही त्या बायका माझ्याकडे थकवा म्हणून येतात आणि खुर्चीत बसून रडतात. “पहिलं जमलं, हे मला का नाही जमलं?” बाई, जमण्या-न जमण्याचा हा प्रश्नच नाही. बाळ कसं वळलं होतं ते तुझ्या हातात नव्हतं. हे मी तिला सांगतो, पण खरं तर बाहेर बाकड्यावर बसलेल्या आत्याबाईंना सांगायचं असतं, म्हणून त्यांना आत बोलावून पुन्हा सांगतो.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. घरात कोणी दुसऱ्या खेपेची असेल तर तिच्या माहेरी आजच फोन करा आणि पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगा. मूळ कागद यायला वेळ लागणार असेल तर मोबाईलवर फोटो मागवा, मागची-पुढची दोन्ही बाजू. ऑपरेशनच्या नोंदीची ओळ वाचता येतेय ना, तेवढं बघून घ्या.