छातीशी धर, बॉस!

फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे मेस्सी, रोनाल्डो आणि रात्री दीडची मॅच. मला मात्र सध्या वेड लागलंय ते दुसऱ्याच फुटबॉलचं. ज्यात पायाचं काम फार कमी, बॉल लांबट आणि टोकदार, आणि हेल्मेट घातलेली शंभर-शंभर किलोची माणसं एकमेकांवर आदळतात तो! हा किडा डोक्यात सोडला न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावानं. जुन्या मॅचेसच्या क्लिप्स पाठवून पाठवून त्यानं माझ्या शनिवार-रविवारची पार वाट लावली आहे. त्यामुळे या वेळी कॉलम अमेरिकन फुटबॉलवर. तेही एका यार्डावर!

ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, त्यांच्यासाठी दोन मिनिटांचा क्रॅश कोर्स. टीमला चार संधी मिळतात, त्यांना ‘डाउन’ म्हणतात. चार डाउनमध्ये दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार संधी, नाही तर बॉल समोरच्यांना. बॉल हातात घेऊन गर्दीत घुसतो तो ‘रनिंग बॅक’. आणि नऊ यार्ड झालेत, एकच हवंय, किंवा गोल लाइन दोन पावलांवर आहे, अशी वेळ आली की तिला म्हणतात ‘शॉर्ट यार्डेज’.

एक यार्ड म्हणजे तीन फूट. तुमच्या ऑफिसच्या टेबलाएवढं अंतर. त्यात काय मोठंसं? मलाही असंच वाटायचं. पण गंमत अशी की, इथे सरप्राइज नावाची गोष्टच उरत नाही. तू मधूनच घुसणार हे समोरच्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे ते सगळे लाइनजवळ दाटीवाटीनं उभे राहतात. मोकळ्या मैदानात धक्का एका बाजूनं येतो, इथे चारी बाजूंनी. पहिला गडी तुम्हाला नुसता धरून उभा ठेवतो आणि दुसरा थेट बॉलवर हात घालतो. शिकागो बेअर्सचा चार्ल्स टिलमन तर बॉलवर चक्क गुद्दा मारायचा. त्याच्या ‘पीनट पंच’नं करिअरमध्ये ४४ वेळा समोरच्याच्या हातून बॉल पाडला, त्यातले १० एकट्या २०१२च्या सीझनमध्ये!

आणि बॉल पडला, म्हणजे ‘फंबल’ झाला, की जो उचलेल त्याचा. टोकदार असल्यामुळे तो कुठे उडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यात समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे जाऊन मैदानाबाहेर पडला तर आणखी भारी शिक्षा. बॉल सरळ त्यांना मिळतो, वर त्यांच्या २० यार्डाच्या रेषेपर्यंत पुढेही नेऊन देतात.

म्हणून बॉल धरण्याचं एक अख्खं शास्त्र आहे. बोटं पसरून पुढच्या टोकावर, मागचं टोक कोपराच्या आत दाबलेलं, खालून मनगटापासूनचा हात, बाजूनं दंड आणि मागे छाती. असे पाच ठिकाणी दाब हवेत. मनगट कोपरापेक्षा वर, म्हणजे बॉल खाली लोंबकळत नाही. क्वार्टरबॅक बॉल हातात देतो तेव्हा त्याच्या बाजूचं कोपर वर, दुसरा हात खाली, मध्ये खिसा. बॉल आत आला की दोन्ही हात बंद! नजर बॉलवर नाही, पुढच्या फटीवर. आणि गर्दीत घुसताना दुसरा हातही बॉलवरच. प्रॅक्टिसमध्ये सहकारी दोन्ही बाजूंना उभे राहून बॉलवर दणादण फटके मारतात आणि रनिंग बॅकला त्यातून पार व्हायचं असतं. रोज.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोपं आहे तर चुकतं कुठे? चुकतं मोहामुळे. दोन्ही हात बॉलवर ठेवले की समोरच्याला ढकलायला हात उरत नाही, तोल सांभाळायलाही नाही. आणि गोल लाइनवर तर मोह फारच मोठा. बॉलचं नुसतं टोक रेषेवर गेलं तरी टचडाउन! कबड्डीत पकडलेला रेडर मधल्या रेषेकडे कसा हात लांबवतो, तसाच बॉल पुढे करावासा वाटतो. फरक एवढाच की रेडरच्या हातात काही नसतं. इथे छातीपासून सुटलेला बॉल म्हणजे समोरच्यांना आयतं निमंत्रण. म्हणून बरेच कोच बजावतात, चौथा डाउन असेल तरच हात लांबव. तेव्हा नाही तरी बॉल जाणारच असतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते अर्नेस्ट बायनरच्या क्लिपनं. १७ जानेवारी १९८८, डेन्व्हर. क्लीव्हलंड ब्राउन्स हाफ टाइमला ३-२१ असे मागे. बायनरनं दोन टचडाउन केले, एकट्यानं १८७ यार्ड कमावले आणि टीमला मॅचमध्ये परत आणलं. शेवटच्या मिनिटाच्या आसपास स्कोअर ३१-३८, बायनर बॉल घेऊन गोल लाइनकडे निघाला. तीनेक यार्ड उरले असताना जेरेमाया कॅस्टिलनं बॉल हिसकावला. खेळ खल्लास! ते १८७ यार्ड आज कुणाला आठवत नाहीत. ती मॅच ओळखली जाते ‘द फंबल’ या नावानं.

आता दुसरी क्लिप. १५ जानेवारी २००६, इंडियानापोलिस. पिट्सबर्ग स्टीलर्स २१-१८ पुढे, गोल लाइन दोन यार्डांवर, बॉल जेरोम बेटिसकडे. टोपणनाव ‘द बस’, वजन सुमारे ११५ किलो. समोरच्याचं हेल्मेट बरोबर बॉलवर आदळलं आणि बॉल हवेत! निक हार्पर तो उचलून सुसाट निघाला. क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरनं पडता पडता त्याला कसंबसं पाडलं. नंतर इंडियानापोलिसच्या किकरनं ४६ यार्डांची किक चुकवली आणि स्टीलर्स वाचले. तीन आठवड्यांनी बेटिस सुपर बोल जिंकून रिटायर झाला, तोही जन्मगावी, डेट्रॉइटमध्ये.

फंबल दोघांचाही. एकाच्या माथी कायमचा शिक्का, दुसऱ्याला हार-तुरे. का? तर एकाला पुढच्या दोन मिनिटांत कुणी तरी वाचवलं, दुसऱ्याला नाही. बॉल सुटल्यावर काय होणार हे तुमच्या हातात नसतंच, बॉस. हातात असते ती फक्त पकड.

म्हणूनच माझा खरा हीरो टिकी बार्बर. न्यूयॉर्क जायंट्सचा स्टार, पण २००३च्या सीझनमध्ये त्याच्या हातून ९ फंबल झाले. २००४ मध्ये टॉम कॉफलिन कोच म्हणून आले आणि त्याला बॉल कसा धरायचा ते पुन्हा पहिल्यापासून शिकवलं गेलं. उभा, छातीशी, उंच, घट्ट. तेव्हा बार्बर होता २९ वर्षांचा, सात सीझन खेळलेला. ‘मला काय शिकवता’ म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. तो शिकला. २००५ मध्ये तो ३५७ वेळा बॉल घेऊन पळाला, १,८६० यार्ड कमावले. आणि फंबल? फक्त १.

हा आकडा मी दोनदा वाचला. आपण तिशीच्या उंबरठ्यावर आलो की ‘माझी हीच स्टाइल आहे’ असं बिनधास्त सांगून मोकळे होतो. ईमेल लिहिण्याची, मीटिंगमध्ये बोलण्याची, भांडण्याचीसुद्धा. आणि इथे एक स्टार खेळाडू नर्सरीतल्या पोरासारखा वस्तू कशी धरायची ते नव्यानं शिकतो.

बायनरचंही सांगते, कारण ‘द फंबल’ म्हणणारे ते सांगत नाहीत. १९८९ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला. जानेवारी १९९२ मध्ये त्या टीमनं सुपर बोल जिंकला आणि त्यात एक टचडाउन बायनरचा होता. पुढे १९९४ मध्ये तो पुन्हा क्लीव्हलंडकडून खेळायला गेला. त्याच शहरात!

मावसभाऊ म्हणतो, “अगं, यार्ड राहिलं तर पुढच्या वेळी मिळेल. बॉल गेला तर पुढची वेळच नाही.”

सोमवार येतोय, मंडळी. घट्ट धरा!