साक्षरता स्वयंसेवकांना दरमहा प्रशिक्षण हवे



‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाची मुदत 2027 मध्ये संपते. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी देशभरात सुमारे 1,038 कोटींची तरतूद असलेली ही योजना चालते ती मात्र विनामानधन स्वयंसेवकांवर. रत्नागिरी जिल्ह्याची साक्षरता 2011च्या जनगणनेत सुमारे 82 टक्के होती. मागे राहिलेल्यांत वयस्क बायका अधिक, त्याही चिपळूणसारख्या तालुक्यात डोंगरउतारावरच्या वाड्यावाड्यांत विखुरलेल्या. त्यांना शिकवणे हे सर्वांत अवघड काम आणि ते आपण सर्वांत कमी तयारीच्या माणसावर सोपवले आहे. सुरुवातीचे उद्बोधन, ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवरचे व्हिडिओ आणि प्रवेशिका एवढ्यावर त्याने निभवायचे. त्याच्यासाठी वर्षभर चालणारे, जवळच मिळणारे प्रशिक्षण हवे.

ज्याला वाचता येते त्याला शिकवता येतेच, असे यावर म्हटले जाते. पण बाजारात मासळीचा हिशेब तोंडी चोख करणारी बाई ‘दोनशे पाच’ लिहिताना 2005 लिहिते, तेव्हा तिला गणित येत नाही असे नसते; स्थानिक किंमत कागदावर मांडायची तिला सवय नसते. तिला बोटे मोजायला लावणारा स्वयंसेवक तिचा अपमान करतो आणि पुढच्या आठवड्यात ती येत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. रफार तर पुढच्याच अक्षराच्या डोक्यावर बसतो. आपल्याला हे सवयीने जमते, म्हणूनच दुसऱ्याचे कुठे अडते ते आपल्याला दिसत नाही. कित्येकींना तर अक्षरओळखीआधी चाळिशीच्या चष्म्याची गरज असते. हे ओळखणे व्हिडिओ पाहून येत नाही. आपल्या वर्गातली अडचण घेऊन जाणत्या माणसासमोर बसावे लागते. प्रशिक्षणाचे काम पूर्वी राज्य संसाधन केंद्रे करीत. 2018 मध्ये ‘साक्षर भारत’ हे आधीचे अभियान संपले आणि ती घडीही विस्कटली.

दुसरा आक्षेप निकालाचा. राज्यात मूल्यमापन चाचणीत नव्वद टक्क्यांहून अधिक परीक्षार्थी उत्तीर्ण होतात, मग उणीव कुठे? वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांत प्रत्येकी 50 पैकी 17 गुण मिळाले की उत्तीर्ण. सुरुवात म्हणून हे ठीक आहे. मात्र 22 जुलै 2021च्या महापुरानंतर चिपळुणात घरोघर पंचनामे झाले. तसा कागद सहीआधी स्वतः वाचता येणे ही त्याहून कठीण कसोटी आहे आणि 17 गुणांतून तिचा अंदाज येत नाही.

शिक्षकांवर आणखी ओझे नको, हा आक्षेप मात्र रास्त आहे. 2023 मध्ये शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, तो उगाच नव्हे. म्हणूनच हे काम कार्यरत शिक्षकांच्या माथी मारू नये. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने प्रत्येक केंद्रासाठी एक-दोन निवृत्त शिक्षक तयार करावेत. त्यांनी महिन्यातून एकदा केंद्रशाळेत स्वयंसेवकांची अर्ध्या दिवसाची बैठक घ्यावी आणि अधूनमधून वर्गावर जाऊन बसावे. लावणी, गणपती आणि शिमगा वगळूनच तारखा ठरवाव्यात, नाहीतर बैठका कागदावरच होतील. खर्च म्हणाल तर या निवृत्तांचे माफक मानधन, स्वयंसेवकांचे एस.टी.चे भाडे आणि चहा. चिपळूण पंचायत समितीने येत्या पावसाळ्यानंतर दोन-तीन केंद्रांत हे करून पाहावे आणि तिथल्या किती जणी वर्ग मध्येच सोडतात, याची नोंद इतर केंद्रांशेजारी ठेवून प्रसिद्ध करावी.

– एक वाचक, चिपळूण