टोल्याचा वेग आणि माणसाचें वय

पुण्याहून एका वाचक गृहस्थांचें पत्र आलें आहे. नोकरींतून निवृत्त झाल्यावर मुलाच्या आग्रहावरून त्यांनीं साठीनंतर गोल्फ खेळावयास आरंभ केला. खेळ आवडला, परंतु चेंडू पावणेदोनशें यार्डांपलीकडे जात नाहीं, आणि बरोबरचे तरुण म्हणतात, ‘काका, या वयांत एवढा जातो हेंच पुष्कळ.’ घरच्या मंडळींचें म्हणणें तर याहून पुढचें आहे: आतां काठी फिरविण्यापेक्षां काठी टेकीत चालावें हें बरें! टोल्याचा वेग या वयांत वाढूं शकतो काय, आणि वाढला तरी त्याचा लाभ काय, असे दोन प्रश्न त्यांनीं विचारले आहेत. हे प्रश्न एकट्या त्यांचे नाहींत. म्हणून त्यांचें उत्तर खाजगी पत्रानें न देतां येथें देत आहों.

आमच्या नांदगांव पेठेंत गोल्फचें मैदान नाहीं, आणि तो खेळ आम्ही खेळलेलों नाहीं. तथापि गोल्फचा टोला, विटीदांडूचा टोला आणि गोफणीचा दगड या तिहींचें शास्त्र एकच आहे. आणि तें वऱ्हाडांत वाढलेल्या माणसास परकें नाहीं.

प्रथम खेळाचें गणित पाहूं. गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणें ४५.९३ ग्रॅमांहून जड नसावा आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरांहून कमी नसावा. ज्या लांब काठीनें पहिला दूरचा टोला मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात; तिचें डोकें सुमारें २०० ग्रॅम वजनाचें असतें. हें डोकें आणि चेंडू यांची गांठ पडते ती सेकंदाच्या सुमारें दोनहजाराव्या भागापुरती. इतक्या अल्प अवधींत चेंडूस रेटण्यास कोणासच सवड मिळत नाहीं. दंडाची बेटकुळी कितीहि मोठी असो, त्या क्षणीं डोक्याचा वेग काय होता आणि चेंडू त्याच्या मध्यावर लागला कीं कडेस, एवढेंच चेंडूस कळतें. मध्यावर लागलेला चेंडू डोक्याच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट वेगानें सुटतो. ढोबळ हिशेब असा कीं, वेग ताशीं एक मैल वाढला तर अंतर सुमारें अडीच यार्ड वाढतें. अव्वल धंदेवाईक खेळाडूंचा वेग ताशीं ११५ मैलांच्या आसपास असतो आणि त्यांचा चेंडू ३०० यार्डांच्या आसपास जातो. ताशीं ८० मैलांवर असलेल्या गृहस्थांनीं आणखी पांच मैल मिळविले, तर बारा यार्ड त्यांच्या पदरीं पडतात.

मग हा वेग शरीरांत उत्पन्न कोठें होतो? पूर्वी वऱ्हाडांत ज्वारी हुरड्यावर आली कीं शेतांत मचाण उभारीत. तरुण मंडळी कापसाच्या वेचणींत गुंतलेली. तेव्हां मचाणावर पांखरें राखावयास बहुधा घरांतील वृद्धच बसे. त्याच्या हाडकुळ्या हातांतून सुटलेला गोफणीचा दगड शेताच्या पार टोंकास जाऊन पडे, आणि तीच गोफण घेऊन एखादा दांडगा पोर फिरवूं लागला तर दगड त्याच्याच पायांशीं आदळे. वृद्ध पाय रोवून उभा राही, कंबरेतून वळे, हात मागाहून येई, आणि शेवटीं मनगटाचा एक झटका देऊन दोरीचें एक टोंक तो सोडून देई. पोर मात्र आरंभींच सारा जोर हातांत आणी.

गोल्फमध्यें हाच क्रम शास्त्रज्ञांनीं मोजून दाखविला आहे. कॉक्रन आणि स्टॉब्स या ब्रिटिश संशोधकांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या टोल्यास दोन सांध्यांच्या लंबकाची उपमा दिली. खांद्यापासून हातापर्यंत एक दांडा, हातापासून काठीच्या डोक्यापर्यंत दुसरा, आणि दोहोंमध्यें मनगटाची बिजागरी. ही बिजागरी मुडपलेली राहून अगदीं उशिरां उघडली म्हणजे दुसऱ्या दांड्याच्या टोंकास अतोनात वेग येतो. टोल्याचा आरंभ जमिनीपासून होतो. पाय जमिनीस रेटतात, मग कंबर वळते, मग छाती व खांदे, मग हात, आणि सर्वांच्या शेवटीं काठी. प्रत्येक अवयव आपला वेग पुढच्याच्या स्वाधीन करून स्वतः मंदावतो. क्रम मोडला कीं वेग वाटेंतच सांडतो. ज्यांचा चेंडू जवळ पडतो, त्यांतील बहुतेकांचें दुखणें वयाचें नसून या क्रमाचें असतें. आणि क्रम हा साठींतहि शिकतां येतो.

आतां वयाकडे वळूं. वय कांहींच हिरावून घेत नाहीं असें म्हणणें खोटें होईल. आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतु असतात. मंद तंतु दीर्घकाळ काम करतात, शीघ्र तंतु क्षणांत जोर देतात. उतारवयांत शीघ्र तंतु अधिक झिजतात. त्यामुळें माणसाची शक्ति जितकी घटते, त्याहून लवकर त्याची चपलता घटते. सत्तरीचा गृहस्थ पाण्याची कळशी उचलूं शकतो, पण ती झटकन् उचलूं शकत नाहीं. परंतु या झिजेंत वयाचा भाग किती आणि बसून राहण्याचा किती, हें निराळें पाहिलें पाहिजे. १९९० सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त स्त्रीपुरुषांस आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम देण्यांत आला. ज्या नऊ जणांनीं तो पुरा केला, त्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें १७४ टक्के वाढली. नव्वदींत जर स्नायु शिकवणूक घेतात, तर साठीनें निराश होण्याचें कारण काय?

आपल्याकडील उदाहरणें घ्यावयाचीं तर पुण्याचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर हे संस्कृतचे अध्यापक. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला, तेव्हां ते पन्नाशीस टेकले होते. आणि पन्नाशी उलटल्यावर १९४४ सालीं नवानगरविरुद्धच्या एकाच सामन्यांत त्यांनीं दोन्ही डावांत शतकें काढलीं. पुढें ते १०१ वर्षांचें आयुष्य जगले. नागपुरांत १८९५ सालीं जन्मलेले कोट्टारी कनकय्या नायडू हे दूरच्या टोल्यांसाठींच विख्यात. त्यांनीं १९२६ सालीं मुंबईंत इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध १५३ धावा करतांना ११ षट्कार मारले. पन्नाशींत होळकर संघासाठीं द्विशतक केलें, आणि साठी ओलांडल्यावरहि ते रणजीच्या मैदानावर उतरले.

गोल्फच्या जगांतहि असेंच आहे. फिल मिकलसन यानें २०२१ सालीं वयाच्या पन्नासाव्या वर्षीं अमेरिकेंतील पीजीए अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां अखेरच्या दिवशीं सोळाव्या खळीवर त्याचा टोला ३६६ यार्ड गेला. जर्मनीचा बर्नहार्ड लांगर २०२३ सालीं ६५ व्या वर्षीं अमेरिकेची ज्येष्ठांची खुली स्पर्धा जिंकला, आणि २०२४ सालीं ६७ व्या वर्षींहि त्यानें एक स्पर्धा जिंकली. १९७४ सालीं माइक ऑस्टिन या ६४ वर्षांच्या खेळाडूनें स्पर्धेंत ५१५ यार्डांचा टोला मारला, तो अद्याप विक्रम म्हणून सांगितला जातो. पाठीस जोराचा वारा होता हें मात्र विसरूं नये. हीं माणसें असामान्य होतीं हें खरें. पण त्यांनीं वयाची म्हणून जी सीमा आपण मानतों, ती पुष्कळ पुढें असल्याचें दाखविलें.

या वेगाच्या साधनेचें मूळ आपल्या आखाड्यांत आहे, हें पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसतें. आपले मुद्गल एकोणिसाव्या शतकांत इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं विलायतेस नेले. १८३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या डोनाल्ड वॉकर यांच्या इंग्रजी व्यायामग्रंथांत त्यांचें वर्णन आहे. १९०४ च्या सेंट लुई येथील ऑलिंपिकांत गोल्फहि होता आणि मुद्गल फिरविण्याची स्पर्धाहि होती. मुद्गल १९३२ नंतर तेथून गेले. गोल्फ २०१६ सालीं परत आला, आणि टोकियोच्या मैदानावर पुण्याचे उदयन माने भारताकडून खेळले. आमच्या येथून थोड्याच अंतरावर अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापन केलेलें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं कबड्डीसह देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. आज पाश्चात्य गोल्फपटु वेग वाढविण्यासाठीं एक हलकी आणि एक जड अशा काठ्या आळीपाळीनें फिरवितात. हलक्या काठीनें शरीरास अधिक वेगाची ओळख होते, जडीनें बळ राहतें. हलका आणि जड मुद्गल ज्यांनीं आखाड्यांत फिरविला असेल, त्यांस यांत नवल वाटूं नये.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. ज्यांस हृदयविकार, रक्तदाब किंवा पाठीच्या मणक्यांचें दुखणें आहे, त्यांनीं आधीं वैद्याची अनुज्ञा घ्यावी. गोल्फमध्यें सर्वांत अधिक दुखते ती कंबरच. आरंभीं दहा मिनिटें चालून अंग ऊन करावें आणि खांदे व कंबर हळूहळू दोन्ही बाजूंस वळवावी. मग खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठावें. उठतांना झटकन् उठावें, बसतांना सावकाश बसावें. पायांचा रेटा जिवंत ठेवावयास याहून सोपा उपाय आम्हांस माहीत नाहीं. त्यानंतर हलकी काठी, चेंडू न ठेवतां, जितक्या वेगानें फिरवितां येईल तितक्या वेगानें पांच वेळां उजवीकडून आणि पांच वेळां डावीकडून फिरवावी. काठीचा ‘सूं’ असा आवाज चेंडूच्या जागेच्या पुढें झाला पाहिजे. मागें झाला तर मनगट लवकर उघडलें असें समजावें. मग किंचित् जड काठी तितक्याच वेळां फिरवावी. प्रत्येक फेरीनंतर श्वास स्थिर होईपर्यंत थांबावें. हा क्रम एक दिवसाआड ठेवावा. रोज केल्यास स्नायूंस सांवरण्यास अवसर मिळत नाहीं.

मैदानावर आणखी तीन गोष्टी उपयोगी पडतात. उजव्या हातानें खेळणाऱ्यानें काठी मागें नेतांना डावी टांच थोडी उचलूं द्यावी. ताठरलेल्या कंबरेस त्यानें पुरें वळतां येतें. जॅक निक्लॉस हा थोर खेळाडू अशीच टांच उचली, आणि १९८६ सालीं ४६ व्या वर्षीं त्यानें मास्टर्स स्पर्धा जिंकली. दुसरें, वेग कमी असलेल्यानें अधिक तिरप्या तोंडाची, हलक्या व लवचिक दांड्याची काठी घ्यावी आणि चेंडू किंचित् उंच ठेवून काठी वर चढूं लागतांना मारावा. त्यानें तो अधिक काळ हवेंत राहतो. तिसरें, मूठ आवळूं नये. आवळलेल्या मुठीनें मनगटाची बिजागरी गंजल्यासारखी होते.

येथें आयुर्वेदाच्या अभ्यासकांस एक शंका येईल. व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सुश्रुतानें सांगितलें आहे, आणि श्वास तोंडानें घ्यावा लागूं लागला कीं अर्धी शक्ति संपली ही त्याची खूणहि दिली आहे. मग पूर्ण वेगानें काठी फिरवा असें आम्ही कसें सांगतों? यांत विरोध नाहीं. प्रत्येक फेक पुऱ्या वेगाची असावी, परंतु फेकी मोजक्या असाव्या, आणि सुश्रुताची खूण दिसतांच थांबावें. मंद गतीनें शंभर वेळां काठी फिरवून घाम येतो. चपलता येत नाहीं.

आतां राहिला दुसरा प्रश्न, कीं या खटाटोपाचा लाभ काय? बारा यार्डांसाठीं एवढें कशाला, असें घरचीं माणसें म्हणतील. त्यांस आमचें सांगणें असें कीं, प्रश्न यार्डांचा असता तर आम्हींहि लेखणी उचलली नसती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें पडून मरतात, आणि त्यांत साठीपुढील माणसांचा भाग सर्वांत मोठा. पाय घसरल्यावर माणूस वांचतो तो दुसरें पाऊल वेळेवर पुढें टाकल्यामुळें, आणि त्या पावलास शक्तीइतकीच त्वरा लागते. न्हाणीघरांतील ओली फरशी, अंधारांतील उंबरठा, अंगणांतील शेवाळ यांपुढें मंद गतीनें फिरावयास जाण्याची संवय एकटी पुरी पडत नाहीं. पायांचें बळ आणि शरीराचा तोल वाढविणाऱ्या व्यायामानें पडण्याचे प्रसंग कमी होतात, हें अनेक देशांत सिद्ध झालें आहे. जो शीघ्र तंतु टोल्यास लागतो, तोच या पावलासहि लागतो. मोडलेल्या खुब्याच्या हाडानें अंथरूण धरलेला वृद्ध ज्या घरांत आहे, त्या घरास याचें मोल सांगावें लागत नाहीं.

संस्कृतांत ‘वयस्’ हा शब्द आयुष्याच्या अवस्थेस लावतात. त्याच शब्दाचा अर्थ बल, जोम असाहि आहे. मराठींत येतांना त्यांतील जोम गळाला आणि मागें केवळ वर्षांची मोजदाद उरली. वडील माणसास ‘बसा’ म्हणणें ही आपली रीत आहे व तींत आदर आहे. परंतु तो आदर दिवसभर चालला म्हणजे वडिलांचे पाय त्यानेंच निकामी होतात. गोल्फची काठी ज्यांस मिळेल त्यांनीं ती फिरवावी, ज्यांस न मिळेल त्यांनीं मुद्गल फिरवावा. तोहि नसेल तर खुर्ची प्रत्येक घरांत आहे. उद्यां सकाळीं तिच्यावरून दहा वेळां झटकन् उठून पाहावें, आणि महिन्यानें तेंच पुन्हा मोजावें.