दस्त गावाचा, अंगठा माझा



वडील गेल्यावर वर्षभराने मी दोघी बहिणींना घेऊन तालुक्याच्या नोंदणी कचेरीत गेलो. हक्कसोडपत्र करायचे होते. शेत पाच एकर, कोरडवाहू. अर्ध्यात कापूस, अर्ध्यात ज्वारी. बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला असे दस्तात लिहिले आहे. ती राजीखुशी कशी असते हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. त्या हिशेबात मीच देणेकरी निघेन, म्हणून तो पुन्हा केव्हातरी मांडू. आज सांगायचे आहे ते दुसरेच.

दस्त लिहिणाऱ्याने सगळ्यांची आधार कार्डे मागितली. आम्ही तिघे आणि दोन साक्षीदार. प्रत्येकाच्या तीन तीन प्रती. कचेरीसमोरच्या टपरीतल्या पोराने भराभर झेरॉक्स काढल्या. ज्या काळ्या पडल्या, तिरक्या आल्या, त्या टेबलाखालच्या खोक्यात टाकल्या. ते खोके गळ्यापर्यंत भरले होते. शेजारच्या गाड्यावर आम्ही शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तर आत कुणा अनोळखी बाईचा फोटो, गाव, जन्मतारीख आणि आधारचा बारा आकडी नंबर. ती बाई कुठल्याशा गावात निर्धास्त निंदण करीत असेल आणि तिची सारी ओळख इकडे शेंगदाण्याच्या पुडीला लागली होती.

कचेरीत नंबर लागला. "आक्का, इथं बघा. आता अंगठा ठेवा. नीट दाबा." फोटो निघाला, अंगठा उमटला, दस्त झाला.

दीड महिन्याने थोरल्या बहिणीच्या खात्यातून दोन दिवसांत साडेनऊ हजार रुपये गेले. ती बँकेत गेली. उत्तर मिळाले, "पैसे अंगठा लावून काढले आहेत. अंगठा तुमचाच आहे." ती म्हणाली, "साहेब, माझा अंगठा माझ्याच हाताला आहे. तो कुठं गेला नव्हता." साहेबाकडे यावर उत्तर नव्हते. अंगठा कुठून फुटला हे आजवर सिद्ध झालेले नाही, म्हणून मी कोणत्याही कचेरीवर वा बँकेवर आरोप करीत नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. नोंदणी कचेरीने आपल्याकडून काय घ्यावे, त्यातले जगाला काय दाखवावे आणि काय कुलपात ठेवावे?

ही कचेरी शेतकऱ्याला परकी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे रयतेने सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी मागणी एकच होती, कर्जखते बाहेर काढा. खते हाती आली की त्यांची होळी झाली. कारण खत लिहिणार सावकार, ठेवणार सावकार आणि आपण कशाखाली निशाणी केली ते रयतेला ठाऊक नसणार. त्या दंग्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यायचा कागद गावासाठी नेमलेल्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच व्हावा, अशी तरतूद त्यात आली. म्हणजे नोंदणीचे एक मूळ शेतकऱ्याच्या संरक्षणात आहे.

दुसरे मूळ मात्र अविश्वासात आहे. बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, पुढे त्याने सही नाकारू नये म्हणून. १८७७ साली त्याने हुगळीच्या नोंदणी कचेरीत बोटांचे ठसे सुरू केले. नेटिव्ह माणसाच्या शब्दावर भरवसा नाही, तेव्हा त्याचे बोटच बांधून ठेवा, हा त्यामागचा विचार. तेव्हा तो ठसा कचेरीच्या वहीत राहायचा आणि वही कपाटात.

आज चालू असलेला नोंदणी कायदा १९०८ चा आहे. गोऱ्यांचा असला तरी उघडे काय आणि झाकलेले काय याची जाण त्याला होती. कलम ५७ पाहा. स्थावराच्या दस्तांची वही, म्हणजे पुस्तक क्रमांक एक, फी भरून कोणालाही पाहता येते, नक्कल कोणालाही मिळते. मृत्युपत्राचे तसे नाही. ते करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, आणि त्या वहीत शोध घ्यायचा तो अधिकाऱ्यानेच. जमिनीचा व्यवहार गावाला कळला पाहिजे, म्हाताऱ्याच्या मनातले मात्र कळता कामा नये. किती साधा आणि शहाणा हिशेब!

माणसाची ओळख किती नोंदवायची तेही कायद्याने सांगितले होते. नाव, बापाचे नाव, राहण्याचे ठिकाण, धंदा. एवढ्यावर या देशातले लाखो एकर विकले गेले आणि घेतले गेले.

मग २००१ च्या दुरुस्तीने कलम ३२-अ आले. दस्तावर फोटो आणि बोटांचे ठसे लावणे सक्तीचे झाले. हेतू चांगलाच होता. भलताच माणूस मालक म्हणून उभा करून जमीन विकण्याचे प्रकार होत होते, त्याला आळा बसावा. पुढे महाराष्ट्रात कचेऱ्यांत संगणक आले, दस्त स्कॅन होऊ लागले. त्यानंतर आधार आले, मोबाईल नंबर आला, पॅन आला, आणि सारे त्याच दस्ताच्या पाठीला चिकटवले गेले. उघड्या वहीत झाकायची माणसे जाऊन बसली. ही वही कुणालाही दाखवायची आहे याचा विचार करून त्यात काय चिकटवावे, हे कोणी ठरवलेच नाही.

याचा परिणाम काय होतो ते २०१८ मध्ये तेलंगणात दिसले. पेद्दपल्ली जिल्ह्यातल्या एका मोबाईल विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या अंगठ्यांवरून रबरी ठसे तयार केले आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली. त्याला कचेरी फोडावी लागली नाही, कपाटाचे कुलूप तोडावे लागले नाही. सरकारनेच अंगठे मांडून ठेवले होते.

आधारशी जोडलेल्या खात्यातून ग्राहक सेवा केंद्रावर पैसे काढताना बँकेचे नाव, आधार नंबर आणि अंगठा एवढेच लागते. मोबाईलवर आकडा येऊन तो सांगण्याची गरज नाही. दस्तात नंबरही आहे आणि अंगठाही. चोराला उरले काय? बँकेचे नाव. तालुक्याच्या गावी बँका असून असून किती असणार? आणि पासबुक हरवले तर नवे मिळते, एटीएमचा आकडा बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणायचा?

आता शहरातली काही शहाणी मंडळी म्हणतील, असे असेल तर सगळी वहीच बंद करा. शेतकऱ्याने या सापळ्यात पडू नये. वही बंद झाली तर एकच शेत दोघांना विकणाऱ्याचे फावेल. गावाशेजारून रस्ता जाणार, धरण होणार, याची कुणकुण ज्यांना आधी लागते आणि जे कवडीमोलाने जमिनी उचलून ठेवतात, त्यांची नावे आपल्याला इंडेक्स टूवरूनच कळतात. कागद उघडा असण्यात कोरडवाहू शेतकऱ्याचे हित आहे, पुढाऱ्याचे आणि दलालाचे नाही. म्हणून नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, किंमत, तारीख हे चावडीवर वाचले तरी आपली हरकत नसावी. ते गावाचे आहे. अंगठा, फोटो, आधार, मोबाईल, पॅन हे माझे आहे.

सरकारने मात्र नेमका उलटा व्यवहार केला आहे. २०२३ मध्ये लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचा म्हणून कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. त्यातला जो भाग माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ज) बदलतो, तो लगेच लागू झाला. पूर्वी त्या कलमातच लिहिलेले होते की माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर ती नाकारता येणार नाही, आणि जी विधानसभेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. आता "खाजगी माहिती" एवढे दोन शब्द पुरेसे झाले. मोठ्या सार्वजनिक हिताचे दुसरे कलम शिल्लक आहे, पण ते पटवून देता देता अर्जदाराच्या चपला झिजतील. आणि तुमची आमची माहिती सांभाळण्याची जबाबदारी ज्या कलमांत आहे, त्यांना अठरा महिन्यांची मुदत! साहेबांचे दार त्याच दिवशी लागले, आपल्या दाराला कडी बसवायला दीड वर्ष.

शिवाय, जी माहिती कायद्याने जाहीर करणे भाग आहे ती या नव्या कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवली आहे. तेव्हा नोंदणी कचेरी उद्या सहज म्हणेल, दस्त तर जाहीर करण्याचाच आहे. आणि दंड झालाच तर तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्या बाईचे साडेनऊ हजार गेले तिला त्यातला छदाम देण्याची तरतूद नाही.

तेव्हा कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. जिल्हा बैठकीपुढे मी पुढील मागण्या ठेवतो. त्यांवर चर्चा व्हावी आणि निवेदन घेऊन प्रत्येक तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे जावे.

एक, दस्ताचे दोन भाग करा. जमिनीचा भाग जाहीर. ओळखीचा भाग, अंगठा आणि फोटोसह, बंद. तो न्यायालयाच्या हुकमाने किंवा दस्तातल्या पक्षकारालाच मिळावा. आधार नंबर जाहीररीत्या प्रसिद्ध करायला आधार कायद्याच्या कलम २९ ने मनाई केलेलीच आहे, तेव्हा यात आपण काही जगावेगळे मागत नाही.

दोन, शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार चालेल, असा फलक मराठीत दाराशी लावा.

तीन, माझ्या दस्ताची नक्कल कोणी आणि केव्हा नेली, याची नोंद ठेवा आणि मी मागितली तर मला दाखवा. माझ्या शेताची चौकशी जगाने खुशाल करावी. पण ती कोण करतो हे मलाही कळू द्या.

चार, नकलेचे दर भिंतीवर लिहा आणि पैशाची पावती द्या. अंगठा फुकट सांडतो आणि आपल्याच दस्ताची नक्कल मागायला गेले की चहापाणी पडते, हे थांबले पाहिजे.

हे होईपर्यंत आपण हात बांधून बसायचे नाही. आधारचा अंगठा कुलूपबंद करता येतो. आधारच्या संकेतस्थळावरून, मोबाईलवरून किंवा आधार केंद्रात जाऊन ते होते, आणि पैसे काढायचे तेव्हा तेवढ्यापुरता उघडता येतो. गावातल्या शिकल्या पोरांनी एक रविवार काढून घरोघरच्या आयाबहिणींचे हे काम करून द्यावे. झेरॉक्सवर "फक्त अमुक दस्तासाठी" असे लिहून तारीख घालावी आणि आडवी रेघ मारावी. बिघडलेली प्रत टपरीवर सोडू नये, फाडून खिशात घालावी. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या नंबरावर कळवावे, बँकेत लेखी तक्रार द्यावी आणि पोचेवर सही घ्यावी.

१८७५ साली रयतेने कागद जाळले, कारण कागद सावकाराच्या पेटीत होता. आज कागद जाळून भागणार नाही. तो सावकाराच्या पेटीत नाही, सगळीकडे आहे. म्हणून या वेळी काडेपेटी नको, निवेदन आणि पोच हवी. माझ्या बहिणीने पाच एकरांवरचा हक्क सोडला. अंगठ्यावरचा हक्क तिने सोडलेला नाही. तसा दस्त तिने कोणालाही करून दिलेला नाही.