रक्त शुद्ध झाले, ताटाचे काय?

तेलंगणाच्या उत्तर टोकाचा आदिलाबाद जिल्हा आमच्या किनाऱ्यापासून फार दूर असला तरी मराठी मनाला तो परका नाही. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ लागते. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्यात होते. आजही तेथील बाजारात तेलुगू आणि गोंडीबरोबर मराठी सहज कानी पडते. २००८ साली तेथे राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘रिम्स’, उभी राहिली. गोंड, कोलाम, कापूस वेचणारे शेतमजूर आणि नदीपलीकडचे मराठी खेडूत यांचा तो मोठा आधार. अशा रुग्णालयात मूत्रपिंडविकाराचा रुग्ण दाखल होतो तेव्हा त्याच्या रक्तातील क्रिएटिनीन मोजले जाते, रक्तदाब पाहिला जातो. पण तो गेले तीन महिने काय जेवला, हे विचारले जाते काय? आजचा आमचा प्रश्न एवढाच आहे.

हा दोष कोण्या एका रुग्णालयाच्या माथी मारण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या देशात प्रौढ रुग्णाची पोषणस्थिती दाखल होतानाच तपासण्याची शिस्त सरकारी रुग्णालयांत अद्याप रुजलेली नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून अंगणवाडीतील मुलाचे वजन नोंदविण्याची रीत पडली. बालकाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर तीव्र कुपोषणाची घंटा वाजते. परंतु तेच मूल मोठे होऊन, मूत्रपिंडे गमावून खाटेवर पडले की त्याचा दंड मोजण्याची आठवण कोणाला होत नाही!

मूत्रपिंडविकारात कुपोषण चोरपावलांनी येते. साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे अन्नावरची वासना उडते, तोंडाची चव जाते. रक्तातील आम्लता आणि शरीरातील दाह स्नायूंना आतून पोखरतात. आणि अंगावर पाणी चढल्याने काटा मात्र पूर्वीचेच वजन दाखवितो. घरची माणसे समजतात, ‘अंगाने बरा दिसतो’. प्रत्यक्षात मांस झडलेले आणि सूज वाढलेली असते. म्हणूनच नुसत्या वजनावर विसंबून चालत नाही. सूज उतरल्यानंतरचे वजन, दंडाचा घेर, मुठीची पकड, गेल्या काही महिन्यांतील जेवण आणि खांद्या-मांड्यांवरचे मांस, एवढे पाहावे लागते. १९८७ साली कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी अशाच साध्या प्रश्नोत्तरांची आणि शारीरिक पाहणीची पद्धत मांडली. तिला महागडे यंत्र लागत नाही. शिकविलेली परिचारिका आणि थोडा वेळ पुरतो.

यात सर्वांत घातक भाग आहे तो अपुऱ्या सल्ल्याचा. डायलिसिसपूर्वी मूत्रपिंडांवरचा भार हलका व्हावा म्हणून प्रथिने कमी करण्यास सांगतात. अमेरिकेतील २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, मधुमेह नसलेल्या पन्नास किलो वजनाच्या अशा रुग्णाला देखरेखीखाली दिवसाला सुमारे २८ ते ३० ग्रॅम प्रथिने पुरतात. परंतु डायलिसिस सुरू झाले की त्याच माणसाला ५० ते ६० ग्रॅम लागतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कारण चार तासांच्या प्रत्येक फेरीत प्रथिनांचे सहा ते बारा ग्रॅम घटक, एक-दोन अंड्यांच्या मोलाचे, रक्तातून वाहून जातात. पथ्य बदलले, हे रुग्णाला कोणी समजावून सांगितले नाही, तर तो बिचारा जुन्या चिठ्ठीला प्रमाण मानून डाळ, अंडे, मासळी वर्ज्य करीत राहतो. ज्याच्या ताटात आधीच ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण यांखेरीज फारसे काही नव्हते, त्याला आणखी काय सोडायला सांगणार?

कोणी म्हणेल, तपासणी करून उपयोग काय? अन्न कोठून आणणार? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच नुसत्या तपासणीवर आम्ही समाधानी नाही. २०१६ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने गरिबाचे रक्त फुकट शुद्ध होण्याची सोय केली. तेलंगणाने २०२२ साली डायलिसिसच्या रुग्णांना आसरा पेन्शनमध्ये सामावून घेतले, हे स्तुत्य आहे. क्षयरोग्याला तर २०१८ पासून पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये मिळू लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते एक हजार झाले. क्षयरोग्याला औषधाबरोबर घासही लागतो, हे शासनाने मान्य केले. मग मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या बाबतीत हा विचार का नसावा? अन्नाने सगळेच कुपोषण हटेल असे नव्हे, काही झीज रोगाचीच असते. पण जी झीज उपासमारीची आहे, ती तरी वेळीच ओळखता येईल.

हे सारे परगावचे गाऱ्हाणे म्हणून आमच्या वाचकांनी बाजूला सारू नये. आमच्या काणकोण तालुक्यात मूत्रपिंडविकाराने किती घरे पोळली आहेत, हे गोमंतकाला ठाऊक आहे. तेथेही रुग्ण ऐकीव पथ्यावर जगतो. खारे सुके मासे आणि लोणचे टाळायचे म्हणून तो ताजी मासळीही सोडतो आणि पेजेवर दिवस काढतो. उलट औषधी म्हणून शहाळ्याचे पाणी मात्र निर्धास्त पितो, ज्यातील पोटॅशियम त्याच्या हृदयाला धोक्याचे ठरू शकते. कोणते ताट आपले, हे त्याला सांगायला आहारतज्ज्ञ नको काय?

आमची मागणी साधी आहे. मूत्रपिंडविकाराच्या प्रत्येक रुग्णाची पोषण-तपासणी दाखल होताच पहिल्या दिवशी व्हावी आणि तिची नोंद केसपेपरवर औषधांच्या शेजारी असावी. डायलिसिस केंद्रात ती ठरावीक महिन्यांनी पुन्हा व्हावी. जिल्हा रुग्णालयात आहारतज्ज्ञाचे पद निर्माण करून ते भरावे. पथ्य रुग्णाच्या भाषेत, आदिलाबादेत तेलुगू, गोंडी आणि मराठीत, समजवावे. आणि जो उपाशी आढळेल त्याच्यासाठी अंडी, डाळ वा मासळी यांची तजवीज शासनाने करावी. लाखो रुपये खर्चून यंत्राने वाचविलेला जीव घरच्या रिकाम्या ताटापुढे खंगून जावा, हे कोणत्याही लोककल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याला शोभणारे नाही.